आठव्या प्रयोगाची सही

शैलजाबाई ठोंबरेंच्या लोखंडी कपाटात चारशेच्या वर जर्नलं होती, आणि ती सगळी एकतीस मेच्या आत हलवायची होती. एकतीस मेला बाई रिटायर होत होत्या आणि दोन जूनला त्यांच्या केमिस्ट्री लॅबमध्ये रंगारी शिरणार होते. कॉलेजने दोन मोठी निळी पिंपं दारात आणून ठेवली होती. कागद त्यात टाका, बाकीचं आम्ही बघतो, असा निरोपही होता. दुसऱ्या कुणी असतं तर अर्ध्या तासात कपाट मोकळं करून घरी गेलं असतं. बाई तीन आठवडे रोज कपाट उघडत होत्या आणि पहिला खणसुद्धा रिकामा झालेला नव्हता, कारण त्या एकेक जर्नल काढून वाचत बसायच्या.

डेट्रॉइटच्या पश्चिम भागातलं हे कम्युनिटी कॉलेज. तिथे अर्ली कॉलेज नावाचा एक प्रोग्रॅम सोळा वर्षांपूर्वी सुरू झाला, आणि पहिल्या दिवसापासून केमिस्ट्री शैलजाबाईंकडे होती. शहरातल्या सरकारी शाळांमधली मुलं, जवळजवळ सगळी काळी, अकरावीपासून शाळेऐवजी थेट कॉलेजच्या वर्गात येऊन बसायची. बारावीनंतर एक तेरावीही असायची. तीन वर्षं पुरी झाली की शाळेचा दाखला आणि कॉलेजची दोन वर्षांची डिग्री, दोन्ही हातात. मग मोठ्या युनिव्हर्सिटीत एकदम तिसऱ्या वर्षाला प्रवेश. ज्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्या घरातल्या पोरीला एकोणिसाव्या वर्षी हे मिळणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती.

बाईंच्या अमेरिकन सहकाऱ्यांना या प्रकाराचं भारी कौतुक वाटायचं. सोळा वर्षांची मुलं, आणि कॉलेजात. शैलजाबाईंना त्यात नवल करण्यासारखं काय आहे तेच कळेना. त्या स्वतः सोळाव्या वर्षीच कॉलेजात गेल्या होत्या. मोर्शीच्या मराठी शाळेतून दहावी झाल्या आणि अमरावतीला अकरावी सायन्सला दाखल झाल्या. रोज सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळच्या एसटीने परत. युनिफॉर्म सुटला होता, दप्तर सुटलं होतं, हातात नुसती एक वही. पहिल्याच दिवशी प्रोफेसर आत आल्याबरोबर त्या एकट्याच ताडकन उभ्या राहिल्या होत्या आणि सगळा वर्ग हसला होता. डेट्रॉइटची ही मुलं पहिल्या दिवशी बाथरूमला जायलासुद्धा हात वर करायची आणि घंटा कधी होते म्हणून भिंतीकडे बघत राहायची. इथे घंटा नसते, असं सांगताना दर सप्टेंबरला बाईंना अमरावतीचा तो वर्ग आठवायचा. सोळा सप्टेंबर गेले तरी ते आठवायचं थांबलं नाही.

बाई राहायच्या त्या नोव्हाय उपनगरातल्या मराठी मंडळात मात्र बाईंच्या नोकरीचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं. "डेट्रॉइटला? रोज? एकट्या ड्राइव्ह करून जाता?" हा प्रश्न त्यांनी प्रत्येक गणपतीत, प्रत्येक संक्रांतीत ऐकला होता. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांनी अमेरिकेतल्या बावीस वर्षांत डेट्रॉइटचा एअरपोर्ट सोडून दुसरं काही पाहिलं नव्हतं. बाई म्हणायच्या, "हो ना, रस्त्यात खड्डे फार आहेत." आणि तिळगूळ घेऊन पुढे सरकायच्या.

जर्नलाची पद्धत बाईंनी थेट अमरावतीहून उचललेली होती. पुठ्ठ्याच्या बांधणीची जाड वही. डाव्या पानावर पेन्सिलीने आकृती, उजव्या पानावर पेनाने प्रयोग. पहिल्या पानावर सर्टिफिकेट, की या विद्यार्थ्याने हे प्रयोग माझ्यासमोर केले. त्यानंतर इंडेक्स. त्यात अनुक्रमांक, तारीख, प्रयोगाचं नाव, पान, शिक्षकाची सही आणि शेरा, असे सहा रकाने. वहीला खाकी कागदाचं कव्हर सक्तीचं. बाकीच्या सगळ्या शिक्षकांनी केव्हाच रिपोर्ट ऑनलाइन घ्यायला सुरुवात केली होती. टर्म संपली की ते कॉम्प्युटरवरून गडप, कुणाच्या डोक्याला ताप नाही. दर वर्षी एखादं पोर विचारायचंच, "मिस टी, ही वही कुठल्या शतकातली आहे?" बाई म्हणायच्या, "माझ्या." ठोंबरे हे नाव त्या पोरांच्या जिभेला पेलत नव्हतं, म्हणून त्या मिस टी.

आणि सहीचं एक वाक्य त्या पहिल्याच प्रॅक्टिकलला सांगायच्या, वर्षभर पुन्हा पुन्हा सांगायच्या. सही म्हणजे मी पाहिलं. बाकी काही नाही.

हे वाक्य अमरावतीला बाईंना केमिस्ट्री शिकवणाऱ्या शरयू मॅडमचं. अकरावीतली गोष्ट. एसटी बंद पडली आणि शैलजाचं टायट्रेशनचं प्रॅक्टिकल बुडालं. तिने मैत्रिणीचं, रत्नाचं, जर्नल घेतलं आणि रीडिंगसकट सगळं उतरवून काढलं. त्या काळी यात पाप आहे असं कुणालाच वाटायचं नाही. शरयू मॅडमनी दोन्ही जर्नलं शेजारी शेजारी ठेवली, चष्म्यावरून पाहिलं, आणि रत्नाच्या वहीवर सही करून शैलजाची बंद केली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "रविवारी दहा वाजता ये. मी लॅब उघडते." रविवारी त्या रिकाम्या कॉलेजात प्यूनने दार उघडून दिलं, मॅडम खुर्चीवर स्वेटर विणत बसल्या, आणि शैलजाने आयुष्यात पहिल्यांदा एकटीने ब्युरेटचा, त्या खुणांच्या काचनळीचा, नळ हातात धरला. थेंब थेंब सोडता सोडता फ्लास्कमधलं पाणी एका थेंबाने फिकं गुलाबी झालं आणि तसंच राहिलं. पुढे एमएस्सी झाली, लग्न झालं, अमेरिका झाली, पण केमिस्ट्री तिच्या आयुष्यात शिरली ती त्या रविवारी. ते जर्नल आज कुठे असेल? वर्षाच्या शेवटी सबमिट केलं की ते परत मिळायचं नाही, मिळावं असं कुणाच्या मनातही यायचं नाही. रद्दीत गेलं असणार. बाईंना त्या एका पानासाठी हल्ली फार वाईट वाटायचं. पण गंमत अशी की जर्नल परत न देण्याची तीच पद्धत त्यांनी इथेही सोळा वर्षं बिनदिक्कत चालवली होती.

एकोणीस मेला, सोमवारी दुपारी, बाई अशाच मांडीवर जर्नल घेऊन बसलेल्या असताना दारात नायला प्रूइट येऊन उभी राहिली.

नायला यंदा तेरावी संपवून बाहेर पडली होती. उंच, सडसडीत, बोलायला कमी. आजीने वाढवलेली पोर. अकरावीत बाईंकडे केमिस्ट्रीला होती, आणि पुढे केमिकल इंजिनिअरिंगला मोठ्या युनिव्हर्सिटीत तिचा प्रवेश झाल्याचं बाईंना कळलं होतं. दोन आठवड्यांपूर्वी पदवीदानात तिला गाऊनमध्ये पाहून बाईंनी टाळ्याही वाजवल्या होत्या, जरा मागच्या रांगेतून.

"मिस टी, माझं जर्नल तुमच्याकडे आहे का?" तिने विचारलं, आणि फोनवरचं एक पत्र त्यांच्यापुढे धरलं.

पत्र युनिव्हर्सिटीचं होतं. गुळगुळीत भाषा, पण मतलब सरळ होता. केमिस्ट्री लॅबचे क्रेडिट्स आम्ही धरू शकत नाही, कारण त्या वेळी विद्यार्थिनी हायस्कूलमध्ये नोंदलेली होती. बाराच्या बारा प्रयोग तिने स्वतः केल्याचं शिक्षकाच्या सहीचं रेकॉर्ड तीस मेपर्यंत दिलं, तर फेरविचार होईल.

"आणि नाही दिलं तर?"

"तर पहिल्या वर्षाची केमिस्ट्री पुन्हा. पुढचे सगळे कोर्स तिच्यावर उभे आहेत, ते सगळे एक वर्ष मागे. माझी स्कॉलरशिप दोनच वर्षांची आहे." नायलाने फोन खिशात टाकला. "ग्रॅनी म्हणते, बघू. ग्रॅनी बघू म्हणते ना, तेव्हा ते नाहीच असतं."

बाईंना संताप आला. तीन वर्षं या पोरांना तुम्ही कॉलेजचे विद्यार्थी आहात म्हणून सांगायचं, कॉलेजची पुस्तकं, कॉलेजच्या परीक्षा, नापास झालं तर कॉलेजच्या रेकॉर्डवर कायमचा डाग. आणि हिशेबाची वेळ आली की, तुम्ही तर शाळेत होता. पण लगोलग त्यांचा जीव भांड्यातही पडला. जर्नल होतं. साऱ्या कॉलेजात फक्त त्यांच्या कपाटात होतं. ज्या वहीला सोळा वर्षं सगळे हसले, तीच आता उपयोगी पडणार म्हटल्यावर बाई जरा तोऱ्यातच उठल्या.

दुसऱ्या खणात ते सापडलं. किराणा दुकानाच्या कागदी पिशवीचं कव्हर, कोपरे अगदी काटकोनात दुमडलेले. बाईंनी इंडेक्स उघडला आणि बोट वरून खाली न्यायला लागल्या. एक, दोन, तीन, सगळीकडे त्यांची सही आणि तारीख. आठव्या ओळीवर बोट थांबलं. आठवा प्रयोग, टायट्रेशन. सहीचा रकाना कोरा होता.

नायलाला ते आधीच आठवत होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसलं. बाईंनाही आता सगळं आठवलं. त्या दिवशी नायलाच्या दोन बसपैकी दुसरी आलीच नव्हती आणि प्रॅक्टिकल बुडालं होतं. पुढच्या आठवड्यात तिच्या जर्नलात तिन्ही रीडिंग शेजारच्या मुलाच्या आकड्यांशी जुळणारी. अठरा पॉइंट तीन, अठरा पॉइंट चार, अठरा पॉइंट तीन. बाई रागावल्या नव्हत्या. उलट आतून त्यांना कसला तरी आनंदच झाला होता, आपल्याला शरयू मॅडम व्हायची संधी मिळाली म्हणून. त्यांनी सांगितलं होतं, "शनिवारी नऊ वाजता ये. मी लॅब उघडते."

त्या शनिवारी बाई नोव्हायहून मुद्दाम आल्या. ब्युरेट भरून ठेवली, थर्मासमध्ये चहा आणला, विणायला येत नव्हतं म्हणून कोडं सोडवत बसल्या. साडेअकरापर्यंत बसल्या. कुणी आलं नाही. एवढं आपण करतो, आणि पोरीला त्याची किंमत नाही, असं मनाशी ठरवून त्यांनी ब्युरेट धुतली आणि विषय कायमचा बंद केला. आठव्या प्रयोगाचे मार्क गेले, नायलाची ए ग्रेड हुकली.

"तू त्या शनिवारी आली नाहीस," बाई आता म्हणाल्या. अडीच वर्षांनीही आवाजात थोडी धार होतीच.

"मी आले होते."

बाईंनी मान वर केली.

"पावणेनऊला आले होते. दाराला कार्ड लावलं तर लाल दिवा लागला." नायला वहीच्या कव्हरकडे बघत बोलत होती. "अर्ली कॉलेजची कार्डं सोमवार ते शुक्रवारच चालतात, मिस टी. शनिवार-रविवार आम्ही हायस्कूलची. मला तेव्हा माहीत नव्हतं. सिक्युरिटीवाला काचेपाशी आला, माझं कार्ड बघितलं, म्हणाला आज तुमचा प्रोग्रॅम नाही, घरी जा. मी म्हटलं माझी टीचर वर आहे. तो म्हणाला, लिस्टमध्ये तुझं नाव नाही. मी सव्वादहापर्यंत उभी होते. फार थंडी होती. तुमची गाडी समोरच होती, आत तो छोटा गणपती दिसत होता."



"अगं, मग सोमवारी का नाही सांगितलंस मला?"

"सोमवारी तुम्ही माझ्याकडे बघितलंच नाही." तिने कव्हरचा दुमडलेला कोपरा बोटाने दाबला. "मला वाटलं, तुम्हीच त्याला सांगितलं असेल. कुणाला वर पाठवू नको म्हणून."

शैलजाबाईंना कुणीतरी तोंडात मारावी तसं झालं. सोळा वर्षं या पोरांना शिकवलं, आणि त्यांची कार्डं शनिवारी चालत नाहीत ही एवढीशी गोष्ट आपल्याला माहीत नव्हती. माहीत करून घ्यायची गरजच पडली नव्हती, कारण आपलं कार्ड रोज चालत होतं. अमरावतीला प्यूनने दार उघडलं म्हणून त्यांनी गृहीत धरलं की डेट्रॉइटलाही कुणीतरी उघडेलच. दोघी एकाच इमारतीपाशी, एक वर चहा पीत होती आणि एक खाली कुडकुडत होती. आणि त्यानंतर दोन वर्षं कॉरिडॉरमध्ये समोरासमोर येऊनही बाईंनी तिला कधी नीट हाक मारली नव्हती.  त्या एवढंच म्हणाल्या, "जर्नल माझ्याकडे राहू दे. मी बघते." आणि आपण नेमकं तिच्या आजीसारखंच बोललो, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

संध्याकाळी त्यांनी जर्नल घरी आणलं आणि डायनिंग टेबलावर ठेवून सगळी हकीकत मनोहररावांना सांगितली. मनोहरराव म्हणजे बाईंचे यजमान. पस्तीस वर्षं गाड्यांच्या ब्रेकचं डिझाइन करून रिटायर झालेले आणि आता प्रत्येक प्रश्नावर पाच मिनिटांत तोडगा काढणारे.

"सिंपल आहे," ते भाजी चिरता चिरता म्हणाले. "सही कर आणि तेव्हाची तारीख टाक. मॅटर क्लोज. आपल्याकडे अर्धी जर्नलं अशीच सबमिट व्हायची, माझं तर पूर्ण जर्नल माझ्या मित्राने, देवांगने, लिहून दिलं होतं. काय बिघडलं? ब्रेक लागले ना गाड्यांचे?"

"अहो, ते वेगळं."

"वेगळं काय त्यात? चूक तुझी, फटका तिला. मग सही करायला तुझा हात का अडतोय? त्या मुलीचं वर्ष वाचतंय ना?"

मनोहररावांचं बोलणं खोटं नव्हतं, हीच पंचाईत होती. बाईंनी पेन घेतलं, टोपण काढलं, आठव्या ओळीवर नेलं. कुणाला कळणार होतं? शाई तीच, अक्षर तेच. अकरा सह्यांमध्ये बारावी मिसळून गेली असती. नायलाने तर साधी विनंतीही केली नव्हती, पण केली असती तर बाईंनी तिथल्या तिथे सही केली असती बहुतेक.

पेन तसंच हातात राहिलं. सही म्हणजे मी पाहिलं, हे तर होतंच. पण आणखी एक गोष्ट त्यांना आतून टोचत होती. मागची तारीख टाकली की सगळं छान जुळून येणार होतं, आणि तो शनिवार पुसला जाणार होता. काचेबाहेर दीड तास उभी राहिलेली पोरगी पुसली जाणार होती, आणि तिच्याबरोबर आपली चूकही. हे फार सोयीचं होतं. बाईंना स्वतःची लाज वाटली. त्यांनी पेन बंद केलं आणि नायलाला फोन लावला.

"शनिवारी नऊ वाजता ये," त्या म्हणाल्या. "प्रयोग कर. मी लॅब उघडते."



"हो," नायला म्हणाली. नुसतं हो. त्यातून काहीच कळेना.

डिपार्टमेंटच्या हेडची परवानगी त्यांनी दुसऱ्या दिवशी घेतली. तिने खांदे उडवले आणि म्हणाली, लॅब एकतीसपर्यंत तुझीच आहे. मनोहरराव मात्र आठवडाभर कुरकुरत होते. युनिव्हर्सिटीने आजची तारीख बघून नाही म्हटलं तर? बाईंनाही तीच धास्ती होती. प्रामाणिकपणाच्या नावाखाली आपण त्या पोरीचं वर्ष तर घालवत नाही ना, हा विचार त्यांची पाठ सोडत नव्हता. पण दुसरा रस्ता त्यांना दिसत नव्हता.

शनिवारी सकाळी बाई सव्वाआठलाच कॉलेजवर पोचल्या. वर गेल्या नाहीत. थर्मास आणि पर्स घेऊन बाहेरच्या पायऱ्यांवर, दारापाशीच, बसून राहिल्या. मे महिना असला तरी वारा बोचरा होता. लांब सुट्टीचा शनिवार असल्यामुळे पार्किंग रिकामं होतं आणि त्यांच्या गाडीतला गणपती खरंच लांबून दिसत होता. आजवर तो इतका ठळक दिसतो हे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

पावणेनऊला एक जुनी बिस्किटी रंगाची गाडी आली. नायला उतरली, मागून तिची आजी. मिस लोरेटा, एकतीस वर्षं कारखान्यात गाड्यांचे दरवाजे बसवलेली बाई, गुडघे दुखत असूनही ताठ. बाईंना पायरीवर बसलेलं पाहून नायला जागच्या जागी थांबली.

"मला वाटलं, तुम्ही वर असाल."

"मागच्या वेळी वर होते," बाई म्हणाल्या. "नायला, मी खाली यायला हवं होतं. नाही आले. आणि वर तुझ्यावरच रागावले. चुकलं माझं."

 नायलाने खिशातून कार्ड काढलं आणि दाराला लावून पाहिलं. लाल दिवा लागला. तिने बाईंकडे पाहिलं, आणि तिच्या ओठाचा एक कोपरा हसला. मग बाईंनी आपलं कार्ड लावलं आणि दार धरून उभ्या राहिल्या, आधी आजी, मग नात आत जाईपर्यंत.

लॅबमध्ये मिस लोरेटा खुर्चीवर बसल्या. बाईंनी त्यांना थर्मासमधला आल्याचा चहा दिला. टेबलावरचं जर्नल आजीने उचललं आणि कव्हरवरून हात फिरवला.

"हे मी घातलेलं," त्या म्हणाल्या. "नायला म्हणाली, टीचरला खाकी कव्हर हवंय. मी म्हटलं, बाई कामाची दिसते. आमच्या शाळेत पुस्तकं आम्हाला वापरलेली मिळायची, आधीच्या पोरांची नावं लिहिलेली. माझी आई पिशवी कापून कव्हर घालायची आणि वर माझं नाव मोठ्या अक्षरात लिहायची. कव्हर घातलं की ते माझं पुस्तक व्हायचं."

"आमच्याकडेही वापरलेलीच असायची," शैलजाबाई म्हणाल्या. "मला ताईची मिळायची." मोर्शीच्या घराची ओसरी, जूनची सुट्टी संपता संपता खाकी कागद कापत बसलेले वडील, गव्हाच्या खळीचा वास, सगळं एकदम त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. डेट्रॉइटच्या एका लॅबमध्ये ते आठवायला पन्नास वर्षं लागली होती.

तोवर नायलाने गॉगल चढवला होता. ब्युरेट धुतली, भरली, बुडबुडा काढला, सगळं न विचारता. पहिल्यांदा घाईत गुलाबी रंग गडद झाला, ते फेकून दिलं. दुसऱ्यांदा ती वाकली, डोळा रेषेच्या पातळीत आणला, आणि नळ एवढासा फिरवला. एक थेंब. हलवलं, रंग आला, गेला. आणखी एक थेंब. आला, आणि राहिला. फिका, जेमतेम दिसेल असा.

"ग्रॅनी," ती हळूच म्हणाली, "बघ."

मिस लोरेटा उठून आल्या. तिघी त्या फ्लास्ककडे बघत राहिल्या. शैलजाबाईंचे डोळे भरून आले, आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. तीन रीडिंग झाली. सतरा पॉइंट नऊ, अठरा पॉइंट शून्य, सतरा पॉइंट नऊ. दुसऱ्या कुणाची नव्हती ती, नायलाची होती. जुन्या पानावर एक तिरकी रेघ मारून तिने पुढच्या कोऱ्या पानावर सगळा प्रयोग नीट लिहून काढला. बाईंनी इंडेक्सच्या आठव्या ओळीत सही केली आणि तारीख टाकली, चोवीस मे. मग शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं, सर्टिफिकेटचं पान पुरं केलं, सगळी पानं स्कॅन केली आणि तिथूनच युनिव्हर्सिटीला पाठवली.

त्यानंतरचे पाच दिवस बाईंनी कसे काढले ते मनोहररावांना विचारावं. भाजीत दोनदा मीठ पडलं.

गुरुवारी दुपारी नायला धापा टाकत लॅबमध्ये आली आणि न बोलता फोन पुढे केला. पत्र चार ओळींचं होतं. बारा प्रयोगांचं रेकॉर्ड पाहिलं. आठव्या प्रयोगाची तारीख आणि त्यावरचा शेरा वाचला. क्रेडिट्स मंजूर करण्यात येत आहेत.

बाई खुर्चीत बसल्या. 

"कुठला शेरा?" नायलाने विचारलं.

बाईंनी जर्नल तिच्यापुढे सरकवलं. "घे. घरी घेऊन जा. ही सगळीच परत करणार आहे मी, ज्याची त्याला." भिंतीशी वर्षांची नावं घातलेली खोकी एकावर एक रचलेली होती, आणि निळी पिंपं रिकामीच परत जाणार होती. उन्हाळाभर मनोहररावांच्या गाडीची डिकी आणि डेट्रॉइटचे पत्ते, असा बेत ठरला होता.

नायलाने इंडेक्स उघडला. आठव्या ओळीच्या शेवटी, एवढ्याशा रकान्यात, बाईंनी इंग्रजीत दाटीवाटीने लिहिलं होतं. विद्यार्थिनी या प्रयोगासाठी बारा नोव्हेंबर २०२२ रोजी सकाळी पावणेनऊला हजर होती. दार बंद होतं. उशीर तिचा नाही, माझा आहे.

तिने ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. 

"मिस टी," ती शेवटी म्हणाली, "शेऱ्याखाली सही नाही."

"कशी करणार? सही म्हणजे मी पाहिलं. मी कुठे पाहिलं होतं? मी तर वर होते."

नायलाने टेबलावरचं पेन उचललं.

"मी पाहिलं होतं," ती म्हणाली. आणि शेऱ्याखाली उरलेल्या चिंचोळ्या जागेत तिने स्वतःची सही केली, पूर्ण नावाची, सावकाश. तारीख मात्र तिने आजचीच टाकली.